एकतिसाव्या पानावरचे पेय

घरी केलेले ते निर्धोक आणि बाहेरून आणलेले ते संशयास्पद, अशी एक विभागणी आपण सर्वांनी मनाशी करून ठेवलेली आहे. ती केव्हा केली आणि कोणत्या पुराव्यावर केली, असे कुणी विचारले तर आपण जरा गोंधळतो. बाजारच्या बाटलीवरचा बारीक मजकूर आपण चष्मा लावून वाचतो. घरच्या बाटलीवर मजकूरच नसतो, त्यामुळे वाचण्याचा प्रश्न येत नाही.

रविवारी सकाळी सव्वादहा वाजता अशीच एक घरची बाटली फुटली.

आवाज भांडे पडल्याचा नव्हता आणि दार आपटल्याचाही नव्हता. तो एकच होता, कोरडा आणि आखूड. त्याच्यामागून काच सांडल्याचा किणकिणाट आला आणि मग सगळे शांत झाले. मुद्रितशोधकबाई तेव्हा बाहेरच्या खोलीत नणंदेच्या हाती चहाचा कप देत होत्या. स्वयंपाकघरातून निघून त्यांना अर्धे मिनिटही झाले नव्हते.

त्या आत धावल्या. ओट्यावर, फरशीवर, सिंकमध्ये फेसाळ पिवळसर पाणी पसरले होते. आल्याचा आणि लिंबाचा वास सुटला होता. समोरच्या लाकडी कपाटाच्या दारात काचेचा एक त्रिकोणी तुकडा रुतून बसला होता. बाईंनी तो ओढून पाहिला. तो निघेना. तुकडा त्यांच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर होता.

"वहिनी, लागलं नाही ना?" बाहेरून नणंदेने विचारले.

"नाही. बाटली पडली वाटतं."

"पडलेली काच खाली जाते. ही कुठे गेलीये?"

नणंद कुबड्या टेकत दारापर्यंत आली. ती बॉयलरची तपासणीस होती. वीस वर्षे कारखान्यांच्या लोखंडी शिड्या चढून तिचा केसही वाकडा झाला नव्हता, आणि पाय मोडला तो बँकेच्या दुसऱ्या पायरीवर. तिच्या इमारतीला लिफ्ट नसल्यामुळे प्लॅस्टर निघेपर्यंत ती भावाकडे राहायला आली होती. भाऊ दौऱ्यावर होता, म्हणून घरात सध्या या दोघीच. तिने उंबऱ्यावरूनच फरशी पाहिली, कपाट पाहिले आणि मग बराच वेळ तो रुतलेला तुकडा पाहिला.

"अशा किती भरल्यास?"

"आठ," बाई म्हणाल्या.

"बाकीच्या सात कुठे आहेत?"

हा प्रश्न बाईंनाही पडला होता. तो त्यांनी अजून स्वतःला विचारू दिला नव्हता, एवढेच.

बाई एका छापखान्यात बावीस वर्षे मुद्रिते तपासत होत्या. शाळेची पुस्तके, औषधांची माहितीपत्रके, आगीच्या बंबावर चिकटवायच्या सूचना, सगळे त्यांच्या नजरेखालून जाई. छापखान्यात त्यांना 'लालपेन' म्हणत, आणि त्या आल्या की तरबेज माणसेही आपला कागद पुन्हा एकदा वाचून घेत. दुसऱ्याची चूक त्या ओळीच्या आकारावरून ओळखत. बावीस वर्षांनी पहिल्यांदाच त्यांचे स्वतःचे पुस्तक निघणार होते. 'घरच्या घरी गोड' हे त्याचे नाव. खजुराच्या वड्या, केळ्याचा साधा केक, भाजलेल्या सफरचंदाच्या फोडी, फळांची पेये, असे साठ सोपे प्रकार त्यात होते. उद्या, सोमवारी सकाळी नऊला, त्याचा पहिला फॉर्म, म्हणजे एकत्र छापायची पहिली बत्तीस पाने, मशीनवर चढणार होता. त्या आनंदात शुक्रवारी त्यांनी पुस्तकाला हात लागलेल्या सहा जणांना एकेक बाटली भेट दिली होती. एकतिसाव्या पानावरचे, आल्या-लिंबाचे फसफसते पेय. देखण्या चौकोनी बाटल्या, तारेच्या पकडीचे झाकण, गळ्यात रिबीन आणि रिबिनीला सुवाच्य अक्षरातले कार्ड: 'तीन दिवस उबदार जागी ठेवावे. मग अलगद उघडावे.'

आज तिसरा दिवस होता.

"एखादी बाटली मुळातच तडकलेली असेल," बाई म्हणाल्या.

"असेल. ती एक शक्यता झाली. दुसरी शक्यता अशी की सगळ्याच फुटायला आल्यात. दोन्हींत फरक कसा करायचा?" नणंदेने भिंतीला पाठ टेकली. "याच खेपेतलं दुसऱ्या कशात भरलंयस का?"

बाईंना आठवले. अर्धा लिटर उरले होते, ते त्यांनी पाण्याच्या जुन्या प्लॅस्टिकच्या बाटलीत ओतून पिठाच्या डब्यामागे ठेवले होते. त्यांनी ती बाहेर काढली. बाटलीचे आत वळलेले बूड बाहेर फुगले होते. ओट्यावर ती सरळ उभी राहीना.

"अंगठ्याने दाब."

बाईंनी दाबले. अंगठा आत गेला नाही. लाकडी लाटणे दाबावे तसे लागले.

"आता तोंड भिंतीकडे कर आणि झाकण जरासं सैल कर. उघडू नकोस. सैल."

हवा सुटू लागली. नणंद मनगटावरचे घड्याळ बघत होती. आवाज थांबला तेव्हा ती म्हणाली, "एकोणीस सेकंद. हे प्लॅस्टिक होतं म्हणून त्याने फुगून दाखवलं. काच काही दाखवत नाही. ती एकदम फुटते."

"पण मी सगळं ताजं वापरलं होतं. आलं घरचं किसलेलं, लिंबं मी स्वतः निवडून आणलेली, एक दाणा रंग नाही."

"वहिनी, वायूला ते कुठून कळणार? आंबवणातलं यीस्ट साखर खातं आणि वायू सोडतं. उघड्या बरणीत तो निघून जातो. घट्ट बाटलीत जाईल कुठे? साखर किती घातलीस?"

"पहिल्या खेपेला फसफस कमी झाली होती. म्हणून यावेळी प्रत्येक बाटलीत वरून दोन चमचे."

"वरून दोन चमचे. आणि बाटली चौकोनी. गोल बाटलीत दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. चौकोनीत सपाट बाजू वाकायला बघते आणि कोपऱ्यात ताण साचतो. चौकोनी बॉयलर पाहिलायस कधी? त्यातून माझ्या बॉयलरला सुरक्षा झडप असते. तुझ्या बाटलीला काय आहे? रिबीन."

एरवी बाई हसल्या असत्या. त्यांनी विचारले, "खिडकीशी अजून एक आहे, तिचं काय करू?"

"हात लावू नकोस. जाड ब्लँकेट दुहेरी करून तिच्यावर टाक, तोंड बाजूला वळवून. मग हे दार लावून घेऊ. आणि फोन आण."

त्याप्रमाणे झाले. बाई फोन घेऊन बसल्या, पण नंबर लावेनात.

"लाव ना," नणंद म्हणाली.

"लावते. पण नीट शब्दांत सांगायला हवं. उगाच घबराट नको. आणि उद्या पुस्तक मशीनवर जायचंय. आजच असं काही कानावर गेलं, तर छापखान्याचे पर्यवेक्षक काय म्हणतील? त्यापेक्षा निरोप पाठवते."

त्यांनी दोन मिनिटे खपून निरोप लिहिला आणि सवयीने दोनदा तपासला. मग तो सहाही जणांना पाठवून दिला आणि नणंदेला दाखवला: 'आपल्या आले-लिंबू पेयाची खरी लज्जत गारच असते. शक्य असल्यास आत्ताच फ्रिजमध्ये ठेवावे आणि मनसोक्त आस्वाद घ्यावा.'

नणंदेने वाचून फोन परत दिला. "छान आहे. एकही चूक नाही आणि एकही माहिती नाही."

"फ्रिजमध्ये ठेवलं की वायू थांबेल, तूच म्हणालीस ना मागे?"

"कमी होईल. पण ते ठेवतील कशाला? तू त्यांना चव सांगितलीस, धोका सांगितलाच नाहीस. ज्याला घाई वाटत नाही तो घाई करत नाही. आणि उचलून फ्रिजकडे नेतानाच हातात फुटली तर? वहिनी, मला रोज असे कागद वाचावे लागतात. 'दाबमापकाकडे लक्ष द्यावे ही विनंती.' हे लिहिणाऱ्याला माहीत असतं की मापक बिघडलंय. पण तसं लिहिलं तर बिघडलं कुणामुळे हे पुढे येतं. मग विनंती केली जाते."

"तू मला त्यांच्यात बसवतेस?"

"मी बसवत नाही. निरोप तू लिहिलास."

घरात भावजय-नणंदेची भांडणे यापूर्वीही झाली होती, पण ती पडद्यांच्या रंगावरून किंवा भावाच्या वजनावरून. हे भांडण तसले नव्हते, आणि ते दोघींना कळत होते.

दहा मिनिटांत उत्तरे येऊ लागली. मशीनमनने अंगठा पाठवला. पर्यवेक्षकांनी लिहिले, 'आभार. आम्हाला गार सोसत नाही.' पुस्तकातली चित्रे काढणाऱ्या मुलीने लिहिले, 'काकू, फ्रिजमध्ये जागाच नाही. रात्री करते. सध्या खिडकीत ठेवलीय. उन्हात काय रंग दिसतोय! चित्रच काढायला बसले.' सोबत फोटो होता.

बाईंनी तो मोठा करून पाहिला. खिडकीच्या कट्ट्यावर बाटली, तिच्यातून येणारे ऊन, आणि पुढ्यात चित्राचा कागद. कागद आणि बाटली यांत एका हाताचे अंतर होते. त्या अंतरात मुलीचा चेहरा असणार होता.

त्यांनी नंबर लावला. ऐकू येणारी पहिली रिंग संपायच्या आत त्यांनी ठरवले की आता शब्द शोधायचे नाहीत.

"काकू, फोटो बघितलात?"

"ऐक. ऊठ, त्या खोलीतून बाहेर जा आणि दार ओढून घे. बाटलीला हात लावू नकोस. आधी जा, मग बोलू."

"काय झालं?"

"माझी चूक झालीये. बाटलीत दाब वाढलाय. ती फुटू शकते. माझ्याकडे एक फुटलीये."

फोनवर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दाराचा. "गेले. दार लावलं. काकू, माझा चष्मा आत राहिला."

"राहू दे. मी येऊन काढते."

बाईंनी फोन खाली ठेवला. नणंदेने एका कागदावर सहा रकाने आखले आणि पहिल्यात बरोबरची खूण केली.

पुढचे फोन सोपे गेले असे म्हणता येणार नाही, पण ते झाले. मशीनमन म्हणाला, "जन्म गेला माझा छपाईचा दाब बघण्यात, बाई, आणि दाब समोर ठेवून नाश्ता करत होतो की." कागदाच्या गोदामाचा रखवालदार म्हणाला की त्याने बाटली शेडमध्ये ठेवली आहे आणि तो शेडला कुलूप घालून येतो. बाइंडर मोठ्याने हसला. "तुमची बाटली मी त्याच दिवशी संपवली हो. तीन दिवस कोण थांबतंय?" बाईंचे कार्ड ज्याने मानलेच नव्हते, तो सहाही जणांत सर्वांत सुरक्षित निघाला. नणंदेने ही गोष्ट ऐकली आणि खूण करताना तिची भुवई किंचित वर गेली.

पर्यवेक्षकांनी शांतपणे ऐकून घेतले. बाटलीवर रजई टाकून ते घरच्यांसह अंगणात आले. मग म्हणाले, "हे पेय पुस्तकात आहे ना?"

"आहे. एकतिसावं पान."

"उद्या बोलू," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

सहावा फोन खिळेकाकांना. घंटी वाजत राहिली. बाईंनी तीनदा लावला.

खिळेकाका म्हणजे छापखान्यातले सर्वांत जुने जुळारी. शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवण्याचे काम आता जवळजवळ संपले होते, तरी आठवड्यातून तीन दिवस ते येत आणि निमंत्रणपत्रिका जुळवत. वय एकाहत्तर. बायको गेल्यापासून एकटेच राहत. कानांनी कमी ऐकू येई. मागच्याच महिन्यात एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते, आणि दुसऱ्या डोळ्याला अजून धुरकटच दिसत होते.

"त्यांना घंटी ऐकू येत नाही," बाई म्हणाल्या. "आणि ते कार्डावर लिहिलंय तसंच करणार. मी एखादं अक्षर खोडलं तर का खोडलं हेसुद्धा ते कधी विचारत नाहीत."

"किती लांब आहे?"

"पाठीमागची गल्ली."

नणंदेने आपल्या कामाच्या पिशवीतून चामड्याचे जाड हातमोजे काढले. दारामागे भावाचे मोटारसायकलचे हेल्मेट टांगलेले होते, तेही तिने बाईंकडे सरकवले. "काच खाली करून घाल. जाड कोट घाल. ब्लँकेट घे. आधी माणसाला बाहेर काढ, बाटलीचं नंतर बघू. माणूस आधी. क्रम विसरू नकोस."

भर सकाळी, उन्हात, हिवाळ्याचा कोट आणि हेल्मेट घालून, बगलेत ब्लँकेट धरून पळत सुटलेली पन्नाशीची बाई पाहून गल्लीत दोघे-तिघे थबकले. एकाने विचारलेही, "काय वहिनी, चंद्रावर का?" बाईंना ते ऐकू आले आणि आलेही नाही. त्यांच्या डोक्यात आठ शब्द फिरत होते. तीन दिवस उबदार जागी ठेवावे. मग अलगद उघडावे. हे आपण लिहिले. शाई वाळेपर्यंत वाट पाहिली. फुंकरही मारली.

खिळेकाकांचे दार नुसते लोटलेले होते. बाई आत शिरल्या आणि जागीच थांबल्या.

खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात टेबल होते. दाराकडे पाठ करून काका बसले होते. त्यांच्या दोन्ही तळहातांमध्ये बाटली होती. त्यांनी ती जवळ ओढली होती, डोळ्याला भिंग लावले होते आणि गळ्यातले कार्ड ते वाचत होते. ऑपरेशन झालेला डोळा काचेपासून वीतभर अंतरावर होता.

बाईंनी हाक मारली नाही. मारली असती तरी ती ऐकू गेली नसती. पाठीला हात लावावा तर ते दचकतील आणि बाटली आपटेल. पुढून जावे तर त्यांना दिसेल एक हेल्मेट घातलेली आकृती, घरात घुसलेली. तेव्हाही ते दचकतीलच.

या क्षणी काय करावे हे नणंदेने सांगितलेले नव्हते.

बाईंनी हेल्मेट काढले आणि जमिनीवर ठेवले. मग भिंतीच्या कडेकडेने, काकांच्या बऱ्या डोळ्याच्या बाजूने, त्या हळूहळू पुढे गेल्या आणि त्यांच्या नजरेच्या टप्प्यात उभ्या राहिल्या. त्यांच्यात आणि बाटलीत आता दोन हातांचे अंतर होते आणि तोंडावर काहीच नव्हते.

काकांनी मान वळवली. चेहरा उजळला. "अरे, लालपेन! वेळेवर आलात. आजच तिसरा दिवस. उन्हात ठेवली होती बघा, उबदार लिहिलंय ना. आता उघडणारच होतो."

"काका, हात काढा."

"काय?"

"बाटली सोडा. हात काढा."

"अलगदच उघडतोय, काळजी करू नका," म्हणत त्यांनी अंगठा तारेच्या पकडीवर ठेवला.

"काका, माझी चूक झाली!"

अंगठा तिथेच राहिला. "कुणाची?"

"माझी! कार्ड चुकलंय! मी चुकीचं लिहिलं! बाटली फुटेल!"

आवाज एवढा मोठा होता की वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि जिन्यातून कुणी तरी "काय झालं हो?" असे विचारले. बाईंची चूक आता सगळ्या इमारतीला कळली होती. काका त्यांच्याकडे पाहत राहिले. बाटली फुटेल या वाक्याने नव्हे, लालपेनचे अक्षर चुकले या वाक्याने त्यांचे हात सुटले.

"तुमचं चुकलं?" ते पुन्हा म्हणाले.

"हो. उठा. माझ्याकडे या."

ते उठले. खुर्ची सवयीप्रमाणे टेबलाखाली सरकवायला वाकले, तेव्हा बाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना दाराबाहेर काढले. मग त्या परत आल्या, हेल्मेट घातले, ब्लँकेट बाटलीवर टाकले, पडदा ओढला आणि दार बंद करून पायरीवर काकांच्या शेजारी बसल्या.

बाटली फुटली नाही.

दहा मिनिटे झाली, वीस झाली. शेजारी दोनदा डोकावून गेले. बाईंना वाटले, उगाच एवढा गोंधळ घातला की काय? त्यांनी फोन करून नणंदेला तसे विचारलेही.

"नाही फुटली तर उत्तमच," ती म्हणाली. "वहिनी, अपघात झाला नाही म्हणजे काळजी वाया गेली, हा हिशोब आमच्या खात्यात चालत नाही. आता बादलीत बर्फाचं पाणी घे, ब्लँकेटसकट त्यात ठेव. तासाभराने टॉवेलखाली उघड. हेल्मेट काढू नकोस."

"एकदा काढलं होतं."

"का, ते घरी आल्यावर सांग," नणंद म्हणाली.

तासाभराने बाईंनी जाड टॉवेलाखाली पकड उचलली. बर्फात तासभर राहूनही झाकण उसळले आणि आतून ठोसा बसावा तसा धक्का तळहाताला बसला. निम्म्याहून अधिक पेय टॉवेलात गेले. काका दाराशी उभे राहून पाहत होते. उरलेल्यातले बोटभर त्यांनी वाटीत घेऊन चाखले.

"चव झकास आहे हो," ते म्हणाले. "प्रत तेवढी सुधारा."

दुपारी तीनपर्यंत नणंदेच्या कागदावरचे सहाही रकाने भरले. बाकीच्यांच्या बाटल्या आणि घरची बाटलीही त्याच रीतीने रिकाम्या झाल्या, आणि चित्रे काढणाऱ्या मुलीचा चष्माही बाहेर आला.

सोमवारी सकाळी पावणेनऊला पुस्तकाच्या प्लेटा मशीनवर चढलेल्या होत्या. पर्यवेक्षकांच्या टेबलावर बाईंनी एक कागद ठेवला. त्यांनी तो उलटा करूनच बाजूला सरकवला.

"मी रात्री विचार केला," ते म्हणाले. "फुटली एकच, तीही तुमच्याच घरी. बाकी कुठे काही झालं नाही. शेवटी एक ओळ टाकू, 'योग्य ती काळजी घ्यावी.' आणि मशीन सुरू करू."

"योग्य ती म्हणजे कोणती?"

"ते वाचक बघतील."

"वाचकाला आधी काच दिसेल, साहेब."

"बाई, तुमचंच पुस्तक आहे. पहिलंच. लोक म्हणतील, लालपेनच्याच पुस्तकात चूक. चालेल?"

हा प्रश्न बाईंनी आदल्या दिवशी सकाळी स्वतःला वेगळ्या शब्दांत विचारला होता आणि त्याचे उत्तर म्हणून तो गोड निरोप लिहिला होता. त्या म्हणाल्या, "चूक तर आहेच. ती छापायच्या आधी माझी आहे. छापल्यावर ती ज्याच्या ओट्यावर फुटेल त्याची होईल. ती माझ्याकडेच राहू द्या."

मशीनमन हे सगळे ऐकत उभा होता. त्याने काही न विचारता हात पुसले आणि तो वाकून प्लेट उतरवायला लागला. पर्यवेक्षक त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो कागद सरळ केला आणि वाचला.

"पान कोरं सोडावं लागणार नाही म्हणजे," ते हळू आवाजात म्हणाले.

त्या एका पानासाठी पुस्तक दोन दिवस लांबले. ते पान खिळेकाकांनी हट्टाने आपल्या हातांनी जुळवले आणि त्याचा ठसा घेऊन फॉर्मात बसवला. आज एकतिसाव्या पानावर हे वाचायला मिळते:

'या पानावर मी एक धोकादायक कृती लिहिली होती. तिच्यात मी हे पेय काचेच्या बाटलीत, जास्तीची साखर घालून, घट्ट बंद करून तीन दिवस उबदार जागी ठेवायला सांगितले होते. तशी एक बाटली माझ्या घरी फुटली. तिचा तुकडा माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर लाकडात रुतला. मी तिथून अर्ध्या मिनिटापूर्वी निघाले होते, आणि त्यात माझे कौतुक काही नाही. हे पेय करायचे असेल तर काच वापरू नका. प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, वर चार बोटे जागा सोडा, वरून साखर घालू नका. दिवसातून दोनदा अंगठ्याने दाबून पाहा. बाटली कडक लागली की त्याच क्षणी झाकण हळू सैल करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा. यातले काही जमणार नसेल तर साधे लिंबू-पाणी करा. तेही चांगले लागते.'

वाचकहो, आपल्या हातचे म्हणून कोणताही पदार्थ निर्धोक होत नाही. वायूला, जंतूला, उष्णतेला आपले प्रेम मोजता येत नाही. त्यांना फक्त साखर, वेळ आणि बंद झाकण कळते. म्हणून जे आपण करतो आणि मोठ्या मायेने दुसऱ्याच्या हाती देतो, ते तपासून द्यावे. आणि आपले चुकले आहे असे कळले, तर ते त्याच घटकेला, त्याच्या खऱ्या नावाने सांगावे, मग समोर पर्यवेक्षक असो की सगळी इमारत. चूक कळल्यापासून ती सांगेपर्यंत जो वेळ जातो, त्या वेळात बाटली कुणाच्या तरी हातात असते.

बाईंच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात तो तुकडा अजून तसाच आहे. सुतार काढून देतो म्हणाला होता, त्यांनी नको म्हटले. नणंदेचे प्लॅस्टर निघाले आणि ती आपल्या घरी गेली. जाताना तिने आल्या-लिंबाचे पेय मागून घेतले. बाईंनी ते प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून दिले. नणंदेने दारातच तिच्यावर अंगठा दाबून पाहिला, मान हलवली आणि मगच ती पिशवीत ठेवली.

पदार्थात साखर किती घालायची, हे ज्याचे त्याने ठरवावे. धोक्याच्या सूचनेत मात्र ती मुळीच घालू नये.